मधल्या रिकाम्या जागेतला आवाज

आई सोफ्यावरून उठली, टीव्हीच्या युनिटपाशी गेली आणि मधोमध ठेवलेल्या तांब्याच्या घागरीवर तिने तळहात टेकवला. घागरीच्या डावीकडे तीन फुटांवर एक स्पीकर होता, उजवीकडे तीन फुटांवर दुसरा. दोन्ही जाळीदार कापडाने मढवलेले, मोठ्या संत्र्याएवढे. गीतरामायण लागलं होतं. १९५५ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने आठवड्याला एक याप्रमाणे ही गीतं प्रसारित करायला सुरुवात केली, त्या वेळचं मूळ ध्वनिमुद्रण. हात तसाच ठेवून आईने माझ्याकडे पाहिलं. "आवाज इथून येतोय रे, आणि ही तर थंडगार आहे. जरासुद्धा थरथरत नाही."

तिला ऐकू येत होतं ते बरोबरच होतं. सोफ्याच्या मध्यावर बसलेल्या कुणालाही गायक त्या घागरीपाशी उभा आहे असंच वाटलं असतं. आणि तिथे आवाज काढणारं काहीही नव्हतं.

दोन स्मार्ट स्पीकरची जोडी लावायचं काम ॲपमध्ये चार-पाच वेळा बोट टेकवलं की होतं. पण ती जोडी खरोखर जुळली का, हे स्पीकरकडे बघून कळत नाही. ते त्या मधल्या रिकाम्या जागेवरून कळतं. तिथे गायक उभा राहिला तर जुळली. नाही राहिला, तर घरात दोन स्पीकर एकाच वेळी वाजतायत, एवढंच झालं. ही रिकामी जागा भरते कशी, आणि ती भरून ठेवायला त्या दोन संत्र्यांना आतल्या आत किती धडपड करावी लागते, ते या प्रकरणात पाहू.

सुरुवात कानांपासून. आपण खोलीत बसलोय आणि डावीकडे, स्वयंपाकघरात, वाटी पडली. न बघता मान डावीकडे वळते. तो आवाज डाव्या कानाशी आधी पोचला आणि डोक्याला वळसा घालून उजव्या कानाशी थोडा नंतर पोचला. थोडा म्हणजे किती? हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. माणसाच्या डोक्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला त्याला जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एवढ्याशा उशिरावरून मेंदू दिशा ठरवतो. खरं तर त्याहूनही बारीक फरक त्याला पुरतो. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन कानांमधला १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या एक लाखाव्या भागाचा फरक माणसाला जाणवतो. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही इंद्रियाला वेळेचं इतकं बारीक मोजमाप जमत नाही. मला ही मानवी देहातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते, आणि आपण ती दिवसभर वापरत असतो.

लॉर्ड रॅली या इंग्रज शास्त्रज्ञाला या प्रश्नाने बरीच वर्षं झपाटलं होतं. आरगॉन वायूच्या शोधासाठी १९०४ साली त्यांना नोबेल मिळालं होतं. आवाजाच्या दिशेबद्दलचा त्यांचा खुलासा १९०७ सालचा, आणि तो आजही मूळ धडा म्हणून शिकवला जातो. खर्जाच्या आवाजाच्या लाटा लांब असतात. सेकंदाला २०० कंपनांच्या सुराची लाट पावणेदोन मीटर भरते. अशा लाटेला आपलं डोकं आडवं येत नाही, ती सहज वळसा घालून जाते. दोन्ही कानांत ती सारख्याच जोरात पोचते, फक्त पुढेमागे. म्हणून तिथे मेंदू वेळ पाहतो. तार सप्तकाच्याही वरच्या, चिरक्या आवाजांच्या लाटा काही सेंटिमीटरच्या असतात. त्या डोक्याने अडतात आणि पलीकडच्या कानावर सावली पडते. तिथे मेंदू जोर पाहतो. तंबोऱ्याचा खर्ज आणि त्याच तंबोऱ्याची जवारी, दोन्ही एकाच ठिकाणाहून आल्यासारखी वाटतात खरी, पण ती जागा मेंदू दोन वेगळ्या हिशेबांनी काढत असतो.

आता घागरीकडे येऊ. दोन्ही स्पीकरमधून अगदी तोच आवाज, त्याच क्षणी, तितक्याच जोरात निघाला आणि मी दोन्हींपासून सारख्याच अंतरावर बसलो, तर दोन्ही कानांना सारखंच मिळतं. उशीर नाही, सावली नाही. असं केव्हा होतं? समोर, नाकाच्या रेषेत कुणी उभं असेल तेव्हा. मेंदू जन्मभराच्या सवयीने निकाल देतो की माणूस समोर आहे. ध्वनिअभियंते याला फँटम सेंटर म्हणतात. गीतरामायणाचं ते मुद्रण मोनो, म्हणजे एकाच पदरी. त्यामुळे दोन्ही स्पीकरना एकच गोष्ट मिळत होती आणि सगळा आवाज घागरीवर गोळा झाला होता.

गायक मधे उभा करणं हे यातलं सोपं काम. एका वादकाला थोडा डावीकडे, दुसऱ्याला बराच उजवीकडे बसवायचं कसं, हे ज्याने शोधलं त्याचं नाव ॲलन ब्लुमलाइन. लंडनजवळच्या हेझ इथे ईएमआय कंपनीत तो अभियंता होता. १९३१ सालची गोष्ट आहे. बोलपट नवे होते. पुढे त्याची पत्नी झालेल्या डोरीनबरोबर तो सिनेमाला गेला आणि पडद्यावर माणूस एका बाजूला चालत असताना त्याचा आवाज मात्र दुसरीकडच्या स्पीकरमधून येत असल्याचं त्याच्या लक्षात आलं. हे असं नसायला हवं आणि यावर आपल्याकडे उपाय आहे, असं त्याने डोरीनला तिथेच सांगितलं. ही आठवण तिनेच पुढे सांगितली. त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्याने पेटंटचा अर्ज दाखल केला. ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५.

त्याआधी, १८८१ साली, पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावरचा आवाज दोन वेगळ्या टेलिफोन तारांनी आणून प्रत्येक श्रोत्याच्या दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर लावायला दिला होता, आणि गायक रंगमंचावर कुठून कुठे गेला ते लोकांना ऐकून कळलं होतं. पण ते कानाला लावून ऐकणं होतं. खोलीत ठेवलेल्या स्पीकरची अडचण निराळी आहे. डाव्या स्पीकरचा आवाज फक्त डाव्या कानात जात नाही, तो दोन्ही कानांत जातो. उजव्याचाही तसाच. ही भेसळ टाळता येत नाही. ब्लुमलाइनने ती टाळायचा प्रयत्नच केला नाही, तिचाच उपयोग करून घेतला.

तो कसा, हे सावकाश समजून घेण्यासारखं आहे. समजा, दोन्ही स्पीकर एकाच क्षणी तोच सूर देतायत, पण डावा जरा मोठ्याने. डाव्या कानापाशी मोठा आवाज आधी येतो, कारण डावा स्पीकर त्याला जवळचा. लहान आवाज मागून येतो. उजव्या कानापाशी उलट, लहान आवाज आधी, मोठा मागून. प्रत्येक कानात या दोन लाटा मिसळून एकच लाट होते आणि ती मोठीच्या बाजूला झुकते. डाव्या कानात मोठी लाट पुढे होती, म्हणून मिसळलेली लाटही पुढे सरकते. उजव्या कानात ती मागे सरकते. म्हणजे स्पीकरना दिला होता फक्त जोराचा फरक, आणि कानांपाशी तयार झाला वेळेचा फरक. मेंदूला हवा होता तोच. डावा किती जोरात आणि उजवा किती, एवढं ठरवून वादकाला दोन स्पीकरमधल्या कुठल्याही बिंदूवर बसवता येतं. आजही रेकॉर्डिंग स्टुडिओत गाणं मिक्स करताना वादकांना असंच बसवतात.

१९३४ साली ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम मोझार्टच्या ज्युपिटर सिंफनीची तालीम घेत होते, ती ब्लुमलाइनने या पद्धतीने मुद्रित केली. पुढच्या वर्षी हेझ स्टेशनवरून जाणाऱ्या आगगाड्यांची चित्रफीत घेतली. गाडी पडद्यावर सरकते तसा तिचा आवाजही सरकतो. दुसऱ्या महायुद्धात तो रडारच्या कामाला लागला आणि ७ जून १९४२ रोजी एका चाचणी उड्डाणात विमान कोसळून गेला. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. स्टिरिओ तबकड्या दुकानात रीतसर आल्या त्या १९५८ च्या सुमारास. घरोघरी मधली रिकामी जागा बोलू लागली, ते ऐकायला तो नव्हता, याची मला नेहमी हळहळ वाटते.

आपल्या घरात स्टिरिओ आला तो बहुतेकांच्या बाबतीत डेकबरोबर. मधे कॅसेटचा डेक आणि ॲम्प्लिफायर, दोन बाजूंना लाकडी पेट्या, मागून निघणाऱ्या लाल-काळ्या वायरी. त्या वायरींचं एक मोठेपण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पेट्यांना स्वतःची अक्कल नव्हती. आवाज एकाच ठिकाणी तयार होऊन वायरीतून जवळपास प्रकाशाच्या वेगाने दोन्हींकडे निघायचा. एक वायर चार फूट आणि दुसरी चाळीस फूट असली तरी कानाला कळेल असा फरक पडायचा नाही. वेळेची काळजी कुणालाच करावी लागत नव्हती.

स्मार्ट स्पीकर ही अशी मुकी पेटी नाही. तो एक छोटा संगणक आहे. त्याच्यात प्रोसेसर आहे, माइक आहेत, वायफाय आहे, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे स्वतःचं घड्याळ आहे. हे घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. ते कोणत्या गतीने बाहेर सोडायचे हे तो स्फटिक ठरवतो. आणि कुठलेही दोन स्फटिक अगदी तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत वीसचा फरक ही अशा स्वस्त स्फटिकांत नेहमीची गोष्ट आहे. मनगटी घड्याळात एवढ्या फरकाने दिवसाला पावणेदोन सेकंद पुढेमागे होतात आणि आपण त्याकडे बघतही नाही.

दोन स्पीकरमध्ये हा फरक राहू दिला तर काय होतं ते मोजू. दर सेकंदाला २० मायक्रोसेकंद. मिनिटाला १.२ मिलिसेकंद. म्हणजे गाण्याचं धृपद संपेपर्यंतच गायक घागरीवरून हलतो आणि पुढे असलेल्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो, कारण कानांना एका मिलिसेकंदाचा फरकही जागा बदलायला भरपूर होतो. पाच मिनिटांच्या भावगीताच्या शेवटी ६ मिलिसेकंद. अर्ध्या तासाचा ख्याल लावला तर शेवटी ३६ मिलिसेकंद.

इथे कान आणखी एक गोष्ट करतात. १९४९ साली हेल्मुट हास याने जर्मनीत गटिंगेनला डॉक्टरेटसाठी केलेल्या अभ्यासावरून तिला हास परिणाम म्हणतात. तोच आवाज दोनदा आला आणि दुसरा साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आला, तर मेंदू दोन आवाज ऐकत नाही. तो एकच ऐकतो आणि जो आधी आला त्याच्या जागेवर ठेवतो. त्यापलीकडे उशीर वाढला की दुसरा सुटा ऐकू यायला लागतो, तबल्याच्या एका थापेच्या दोन होतात. गणपतीत गल्लीभर खांबांवर कर्णे लावतात, तेव्हा लांबच्या कर्ण्यातून आरती मागाहून येताना ऐकलेली असते, तोच हा प्रकार. वारीत लांब दिंडीत चालताना मी तो अंगाने अनुभवलाय. पखवाजापासून ३० मीटर मागे असलेल्या माणसापर्यंत थाप पोचायला जवळपास ९० मिलिसेकंद लागतात. कानाने ऐकून टाळ वाजवला तर तो मागे पडतो. जाणते टाळकरी पुढच्या रांगेतल्या हातांकडे बघून वाजवतात.

स्पीकरना हात दिसत नाहीत. त्यांना घड्याळं जुळवावी लागतात, तीही अशा वायफायवरून जिथे निरोप कधी २ मिलिसेकंदांत पोचतो तर कधी २० मध्ये, कारण त्याच हवेतून शेजारच्या खोलीत कुणी व्हिडिओ बघत असतं. यावरचा उपाय जुना आणि सुंदर आहे. जगभरच्या संगणकांची घड्याळं जुळवण्यासाठी १९८० च्या दशकात डेव्हिड मिल्स यांनी जी पद्धत घडवली, तिच्या मुळाशी तो आहे. पहिला स्पीकर दुसऱ्याला निरोप पाठवतो आणि पाठवल्याची वेळ स्वतःकडे टिपतो. दुसरा, निरोप आला तेव्हा माझ्या घड्याळात इतके वाजले होते आणि उत्तर निघतंय तेव्हा इतके, असं लिहून परत पाठवतो. उत्तर हाती आलं की पहिला जाण्यायेण्याचा एकूण वेळ काढतो, त्याचे दोन समान भाग करतो आणि दोन घड्याळांत किती अंतर आहे ते ठरवतो. एकदा विचारून भागत नाही, कारण जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असेल याची खात्री नसते. म्हणून पुन्हा पुन्हा विचारायचं, ज्या फेऱ्या लवकर झाल्या त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवायचा, रेंगाळलेल्या सोडून द्यायच्या. गाणं चालू असेपर्यंत ही विचारपूस चालूच असते.

घड्याळं कळली की गाण्याच्या प्रत्येक तुकड्यावर वेळ लिहिली जाते, हा तुकडा अमुक क्षणी वाजवायचा. दोन्ही स्पीकर तुकडे आधीच मागवून साठवून ठेवतात आणि तो क्षण आला की सोडतात. ज्याचं घड्याळ किंचित जलद चालतंय, तो आवाजाचे नमुने नकळत इतके थोडे ताणतो की सूर हलल्याचं कुणालाही कळू नये. गाणं लावायला सांगितल्यावर कधीकधी जो क्षणभर थांबा येतो, त्यात या साठवणीचाही वाटा असतो. याच कारणाने अशी जोडी टीव्हीला लावली आणि टीव्हीला त्या उशिराची कल्पना नसली, तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. सिनेमासाठी जोडी घेणार असाल तर टीव्ही आणि स्पीकर एकमेकांना ओळखतात का, ते घेण्याआधी बघा.

मग साध्या ब्लूटूथवर का भागत नाही, असं मला बरेचजण विचारतात. संगीतासाठीचा रूढ ब्लूटूथ एका फोनने एका स्पीकरशी बोलावं अशा बेताने बांधलेला आहे. दोन वेगवेगळ्या स्पीकरना एकाच घड्याळावर चालवायची सोय त्या मूळ मांडणीत नव्हती. उत्पादकांनी आपापल्या युक्त्या केल्या, म्हणून एका कंपनीचा स्पीकर दुसरीच्या स्पीकरशी जुळत नाही. २०२० साली जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या नव्या मांडणीत ही सोय मुळापासून आहे.

आता घरातलं काम. पहिली अट, दोन्ही स्पीकर एकाच जातीचे हवेत. ॲपलचा होमपॉड आणि होमपॉड मिनी यांची जोडी लागत नाही, मिनीला मिनीच लागतो. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने तसंच आहे. यात निव्वळ विक्रीचा हेतू आहे असं समजू नये. दोन वेगळ्या स्पीकरचा खर्ज वेगळा, चिरकेपणा वेगळा. मग एकच गायक खालच्या सुरात उजवीकडे आणि वरच्या सुरात डावीकडे जाऊ लागतो. घरात आधीच एक स्पीकर असेल तर दुसरा घेताना कोणत्या पिढीचा आहे ते खोक्यावर वाचून घ्या. दिसायला सारखे असतात आणि जुळत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे ग्रुप आणि स्टिरिओ जोडी यांत लोकांचा फार गोंधळ होतो. ग्रुप म्हणजे हॉल, स्वयंपाकघर, गच्ची सगळीकडे तेच पूर्ण गाणं. स्टिरिओ जोडीत एका स्पीकरला फक्त डावी बाजू मिळते, दुसऱ्याला फक्त उजवी. दोन स्पीकरचा ग्रुप करून स्टिरिओ झाला असं समजणारी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. आणि उलटही होतं. जोडी लावलेली असते, कुणीतरी उजवा स्पीकर उचलून ओट्यावर नेऊन ठेवतं, आणि तिथे गाण्यातली निम्मी वाद्यं ऐकूच येत नाहीत. एखादा स्पीकर हलवायचा असेल तर ॲपमध्ये जाऊन जोडी आधी सोडवावी.

ॲपमध्ये एकदा डावा कोणता, उजवा कोणता हे सांगावं लागतं. बसणाऱ्याच्या डाव्या-उजव्या हाताने सांगायचं, स्पीकरच्या नाही. मी दोन्हींच्या बुडाला पांढरा कागद चिकटवून पेनाने 'डा' आणि 'उ' लिहिलंय, कारण दिवाळीच्या साफसफाईनंतर ते हमखास उलटे ठेवले जातात. उलटे झाले तर भावगीतात काही बिघडत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदात मात्र व्हायोलिनं बहुधा डावीकडे आणि मोठी, खर्जाची तंतुवाद्यं उजवीकडे असतात. ती जागा बदलतात.

माझी जोडी पहिल्या दोन संध्याकाळी जुळलीच नव्हती. एक स्पीकर ॲपला दिसायचा, दुसरा दिसून नाहीसा व्हायचा. दोष स्पीकरचा नव्हता. घरात राउटर हॉलमध्ये होता आणि आतल्या खोलीसाठी एक एक्स्टेंडर लावलेला होता. दुसरा स्पीकर मी आतल्या खोलीत उघडून सुरू केला होता, तेव्हा तो पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर गेला होता. पाहुण्यांच्या वायफायवरच्या यंत्रांना घरातली बाकीची यंत्रं सहसा दिसत नाहीत, ती तशीच केलेली सोय असते. दोघांच्या घड्याळांची विचारपूस सुरूच होऊ शकत नव्हती. दोन्ही स्पीकर हॉलमध्ये आणून, एकाच नावाच्या वायफायवर पुन्हा सुरू केल्यावर काम झालं. तुमचीही जोडी अडली तर ॲप काढून परत टाकण्याआधी हे तपासा. आणि जमलं तर राउटरपासून दोन्ही स्पीकर सारख्याच मोकळ्या जागी ठेवा. एक लोखंडी कपाटाआड गेला की त्याचे निरोप रेंगाळतात.

यापुढचं काम सुतळीचं. यंत्रांनी मायक्रोसेकंदांपर्यंत कष्ट करून जे जुळवलं, ते आपण चुकीच्या जागी बसून एका क्षणात मोडू शकतो. एक फूट अंतर कापायला आवाजाला ०.९ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका स्पीकरपेक्षा दुसऱ्याला फूटभर जवळ बसलं की वर सांगितलेला तो एका मिलिसेकंदाचा फरक झालाच, आणि गायक उडी मारून जवळच्या स्पीकरमध्ये गेला. म्हणून दोन स्पीकरमधलं अंतर सुतळीने मोजायचं, त्याच लांबीने प्रत्येक स्पीकरपासून सोफ्याकडे यायचं, आणि दोन्ही टोकं जिथे मिळतील तिथे डोकं येईल असं बसायचं. समभुज त्रिकोण. तिन्ही बाजू सहा फूट असल्या तर आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये तो आरामात बसतो. स्पीकर कानाच्या उंचीच्या आसपास हवेत. फ्रिजवर किंवा कपाटावर ठेवलेल्या जोडीतून गायक छतावरून गातो.

कोपरा टाळावा. भिंतीला, विशेषतः दोन भिंतींच्या कोनात, खर्ज फुगतो. डग्ग्याचा घुमारा जाऊन नुसता धबधब आवाज उरतो. एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा मोकळ्यावर, हे सर्वांत वाईट. आणि आपल्या घरांचा खरा शत्रू म्हणजे गुळगुळीत टाइल्सची जमीन आणि मोकळ्या भिंती. हॉलच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर झिणझिण असा शेपटा ऐकू आला, तर स्पीकरमधून निघालेला आवाज भिंतींवरून परत येऊन मधल्या गायकाला पुसट करणार. त्यावर महागडं काही लागत नाही. जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. माझ्याकडे एका दिवसात सर्वांत मोठा फरक पडला तो सतरंजीने.

एक अपेक्षा मात्र ठेवू नये. दोन स्पीकर म्हणजे दुप्पट मोठा आवाज नाही. आवाज कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल वाढावा लागतो. दुसऱ्या स्पीकरने ३ ते ६ डेसिबलची भर पडते. खर्जही जास्त खोल जात नाही. मुठीएवढ्या स्पीकरचा पडदा जितका खाली उतरतो तितकाच दोन्हींचा उतरणार. मिळते ती जागा, रुंदी. मोठ्या आवाजासाठी दुसरा लहान स्पीकर घेणाऱ्याने त्या पैशांत एक मोठा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ही जागा मुद्रणातच नसेल तर स्पीकर ती कुठून आणणार? जुनी चित्रपटगीतं, जुनी भावगीतं, नाट्यपदं बहुतेक मोनोच आहेत. ती मधे एका रेषेत उभी राहतात आणि त्यांना तशीच राहू द्यावी. कॅसेटच्या काळात जुन्या गाण्यांवर झंकार बीट्स चढवून त्यांना डावं-उजवं करायची लाट आली होती. त्या थापांमध्ये मूळ वादकांचं सगळं नाजूक काम बुडालं. आपल्या सिनेमात १९७५ चा 'शोले' ७० मिलिमीटरच्या प्रतींवर स्टिरिओफोनिक आवाजासह आला, तेव्हा फेकलेलं नाणं चित्रपटगृहात कुठल्या बाजूला पडलं ते कळलं होतं, असं त्या पिढीचे प्रेक्षक अजून सांगतात.

पण ही जोडी खऱ्या अर्थाने ज्यासाठी लावावी ते म्हणजे चांगलं मुद्रित झालेलं शास्त्रीय गायन. मैफलीची बैठकच मुळी अशी असते. मधे गायक, एका हाताला तबला, दुसऱ्या हाताला पेटी, मागे दोन बाजूंना दोन तंबोरे. एका स्पीकरवर हे सगळं एकाच भोकातून येतं. तंबोरे पेटीखाली दबतात आणि ते आहेत हेही विसरायला होतं. जोडीवर ते दोन्ही बाजूंना सुटे होतात, गायकाच्या मागे पडद्यासारखे पसरतात, आणि त्यांच्यामधे गायकाला श्वास घ्यायला जागा मिळते. विलंबितात समेच्या आधी तबलजी गायकाकडे जरा कान देऊन थांबतो, तो थांबणारा माणूस कुठे बसलाय ते कळतं.

सुतळी लावून ठरवलेल्या त्या जागेची एक अडचण आहे. ती एकच असते. आमच्या घरी तिथे आई बसते. बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, गेली वीस वर्षं. त्यांच्यासाठी डावं-उजवं असं काही उरलेलंच नाही. सुरुवातीला मला वाईट वाटलं, की मी एवढं जुळवलं आणि त्यांना त्यातलं काही मिळणार नाही. पण खोलीत ठेवलेल्या स्पीकरची भेसळ त्यांच्या कामी येते. दोन्ही बाजूंचा आवाज त्यांच्या उजव्या कानापर्यंत पोचतो, एकही वाद्य हरवत नाही. इअरफोनने ऐकताना मात्र डावी बाजू पूर्ण गेली असती. त्यासाठी त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बाजू एकत्र करणारा मोनोचा पर्याय चालू करून दिलाय. ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांनी तो शोधावा, तो जवळपास सगळ्या फोनवर असतो.

संध्याकाळी बाबा खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत, उजव्या स्पीकरपाशी बसतात. परवा मी त्यांना मधे बसायला सांगितलं. "तिला बसू दे," ते म्हणाले. "तिला दिसतात ते लोक." मग त्यांनी उजवा कान पुढे केला आणि स्पीकरला आवाज थोडा वाढवायला सांगितला.